जांभळ्या उजेडातली तुळस

नेवाशात राहणाऱ्याने दिव्याविषयी लिहू नये, असा एक संकोच आम्हाला नेहमी वाटत आला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्या ग्रंथाचे निरूपण या गावी झाले त्याचे नावच मुळी ‘भावार्थदीपिका’. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ते सांगितले अशी परंपरा आहे, त्या पैस खांबावरचा शिलालेखही दिव्याचाच. करवीरेश्वराच्या देवळातील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. ते देऊळ गेले, दिवा गेला. तेलाची नोंद तेवढी राहिली. दुर्गाबाई भागवतांचा या खांबावरचा लेख आणि त्याच नावाचा ‘पैस’ हा संग्रह (१९७०) वाचकांना ठाऊक असेलच. त्यानंतर या खांबाविषयी आपणही काही लिहावे, एवढे धैर्य आमच्यात नाही. तथापि याच गावात आमच्याही घरी चार महिने एक दिवा जवळजवळ अखंड जळत होता, आणि त्याच्या उजेडात आम्हाला जे दिसायला हवे होते ते दिसले नाही. त्या दिव्याची हकीकत सांगण्यास हरकत नसावी.

‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयता. दोघेही निवृत्त शिक्षक. घरात तिसरे माणूस म्हणजे आई. एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. पण चाळीस वर्षे एका घरात काढल्यावर हा भेद उरत नाही. २०२२ च्या दिवाळीत अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी पणती ठेवताना आईंचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. वय ब्याऐंशी. शस्त्रक्रिया झाली, ती नीट झाली, पण उठून अंगणात जाणे संपले. त्यांची खाट आम्ही माजघरात घातली. आमचे घर जुने आहे. माजघराला खिडकी नाही. वर एक झरोका, तोही उत्तरेला. पण न्हाणीघर तेथून चार पावलांवर, आणि ओसरीवर यायचे तर मध्ये दोन उंच पायऱ्या. सोय पाहून आम्ही जागा ठरवली. उजेड पाहिला नाही.

आईंनी तक्रार कधी केली नाही. एकदाच म्हणाल्या, “सकाळी उठल्यावर तुळस दिसत नाही, एवढंच चुकल्यासारखं वाटतं.” माळकरी घरातल्या बाईने आयुष्यभर ज्या झाडाला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घातले नाही, ते झाड चाळीस पावलांवर असून नसल्यासारखे झाले होते. मग आम्ही वृंदावनात उगवलेले एक रोप कुंडीत लावले आणि माजघरात आईंच्या उशाशी आणून ठेवले. अंधारात तुळस तगणार नाही हे कळण्याइतके शहाणपण आमच्यात होते. म्हणून डिसेंबरात झाडांसाठी असतो तसा एक एलईडी दिवा मागवला.

हे दिवे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पानातले हरितद्रव्य प्रकाशातले सगळे रंग सारख्या प्रमाणात घेत नाही. निळा आणि तांबडा ते अधिक शोषते. हिरवा तुलनेने कमी घेते आणि बराचसा परतवते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. निळ्या एलईडीचा शोध लागला त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या शोधामुळे निळा आणि तांबडा असे दोनच रंग देणारे स्वस्त दिवे बनवणे शक्य झाले. झाडाला लागते तेवढेच द्यायचे, वीज वाया घालवायची नाही, असा त्यामागचा हिशेब. आमचा दिवा त्याच जातीचा होता. लावला की सारे माजघर जांभळे होई. भिंती, उतरंड, देवांचे फोटो, आईंची पांढरी साडी, सगळे काही. येणारे-जाणारे थबकून पाहत. कोणी म्हणे, “नाटकाचा रंगमंच दिसतोय.” आम्ही कौतुकाने तांबड्या-निळ्या प्रकाशाचे गणित समजावून सांगत असू. शिक्षकाची खोड जात नाही.

पहिले दीड-दोन महिने तुळस जोमाने वाढली. फेब्रुवारीत मात्र तिची वाढ खुंटली. नवी पाने बारीक येऊ लागली, शेंडे मलूल दिसू लागले. रंगाचे म्हणाल तर काही कळत नव्हते, कारण त्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते. परतवायला हिरवा प्रकाशच नसला तर पान हिरवे दिसणार कसे? आम्ही असे ठरवून टाकले की झाडाची उपासमार होत आहे. दिवसाचे अठरा तास प्रकाश मिळतो, तेव्हा भूकही तेवढीच लागणार, हा तर्क ऐकायला निर्दोष होता. मग शेतीच्या दुकानातून पाण्यात विरघळणारे ‘एकोणीस-एकोणीस’ आणले, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही समान असलेले खत. चमचाभर त्याचे पाणी आठवड्याला. फरक पडेना, तेव्हा आठवड्यातून दोनदा. मग कुठेतरी वाचले की एलईडीखाली झाडांना मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी पडते. यात तथ्य आहे. जुन्या दिव्यांसारखी उष्णता हे दिवे पानांवर फेकत नाहीत. पान थंड राहते, त्यातून बाष्प कमी उडते, आणि मुळांकडून वर येणाऱ्या पाण्याच्या ओढीवर ज्याची भिस्त असते ते कॅल्शियम कोवळ्या शेंड्यांपर्यंत कमी पोहोचते. आम्ही मॅग्नेशियम सल्फेट आणले. तेही घातले. पानांच्या कडा करपू लागल्या. मग वाटले, उजेडच कमी पडत असेल. दिवा वीतभर खाली आणला. शेंडे अधिकच फिकट झाले.

आईंना हे सारे झोपल्या जागेवरून दिसत होते. घरातली तुळस सुकणे म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणी सांगावे लागत नाही. एके संध्याकाळी त्या सहज म्हणाव्यात तसे म्हणाल्या, “तिचं आणि माझं बरोबरच चाललंय.” आम्ही हसून विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी खताचा आणखी एक चमचा घातला.

मार्चमध्ये शेजारचे अण्णा आईंना भेटायला आले. अण्णांचा बारा एकर ऊस आहे, मुळा कालव्याच्या पाण्यावरचा, शिक्षण सातवीपर्यंत. जांभळ्या माजघरात ते क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आधी ह्ये बंद करा. ह्या उजेडात बैल दाखवला तर म्हैस म्हणून इकंल कोनी.” आम्ही दिवा मालवला. अण्णांनी कुंडी उचलली, ओसरीवर नेली आणि उन्हात ठेवली. आम्ही दोघेही पाहत राहिलो. तुळस पिवळीधमक होती. शेंड्याकडची पाने तर जवळजवळ हस्तिदंती, आणि त्या फिक्या पानांवर शिरांची बारीक हिरवी जाळी, कोणी टाकाने रेखून काढावी तशी. खालची जुनी पाने मात्र बऱ्यापैकी हिरवी.

“केवडा पडलाय,” अण्णा म्हणाले. “आमच्या उसात दर साली दिसतो. चुनखडीच्या रानात तर हमखास.”

ऊस पिकवणाऱ्या या टापूत ‘केवडा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. कोवळी पाने केवड्याच्या कणसासारखी पिवळी पांढरी पडतात म्हणून केवडा. सोनई-भेंड्याच्या वाटेवर उसात असे पट्टे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहेत. पण उन्हात, बसच्या खिडकीतून. तेच दुखणे आपल्या माजघरात असेल हे मनात आले नाही.

अण्णा गेल्यावर आम्ही पुस्तके काढून बसलो आणि पहिल्यांदा व्यवस्थित विचार केला. झाडाला काय कमी आहे हे ओळखण्याची पहिली खूण अशी की पिवळेपण जुन्या पानांत आहे की नव्या. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात फिरू शकतात. तुटवडा आला की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते. त्यामुळे आधी खालची पाने पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम यांना असे फिरता येत नाही. एकदा ज्या पानात बसले तेथेच राहिले. म्हणून त्यांचा तुटवडा शेंड्याला दिसतो आणि म्हातारी पाने हिरवी राहतात. दुसरी खूण शिरांची. लोह कमी असले तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. दिव्याच्या अतिजवळिकीने पान फिकटते तेव्हा शिरांसकट पांढरे होते, आणि दिव्याला सर्वांत जवळ असलेलेच होते. आमच्या तुळशीची आडोशाला असलेली खालची नवी फूटदेखील पिवळी होती. तेव्हा दोष दिव्याच्या अंतराचा नव्हता. या दोन खुणा शाळकरी मुलालाही पाहता येतील. मात्र त्या पाहायला पांढरा उजेड लागतो.

लोहाची उणीव, आणि तीही नेवाशाच्या मातीत! ही माती बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये लोहाला तोटा नाही. कुंडीतल्या मूठभर मातीतसुद्धा तुळशीच्या सात पिढ्यांना पुरेल इतके लोह असणार. अडचण पुढे आहे. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी मातीत लोह गंजाच्या रूपात बसते, पाण्यात उतरत नाही, आणि जे पाण्यात उतरत नाही ते मुळांना मिळत नाही. तुळशीसारख्या झाडाची मुळे यावर आपल्या परीने इलाज करतात. ती भोवती किंचित आम्ल सोडतात आणि गंजरूप लोहाचे विरघळणाऱ्या लोहात रूपांतर करून ते आत घेतात. पण पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर ते हे आम्ल तेथल्या तेथे मारून टाकते. आमच्या बोअरचे पाणी असे की आंघोळीच्या बंबात वर्षाकाठी बोटभर पांढरा थर जमतो. सामू तपासायच्या कागदाने पाहिले तेव्हा पाणी ८ च्या वर गेले. अंगणातल्या तुळशीला पावसाळ्यात आभाळाचे पाणी मिळे, मुळे खोल जात. माजघरातल्या तुळशीला चार महिने रोज तेच बोअरचे पाणी, आणि माती कधी वाळत नसल्याने मुळांना हवाही कमी. भरीस भर म्हणून आम्ही घातलेले ‘एकोणीस-एकोणीस’. त्यातले जास्तीचे स्फुरद लोहाला आणखी बांधून टाकते. आम्ही उपाशी समजून जिला भरवत होतो, तिच्या तोंडचा घास आमच्याच हातांनी अडवत होतो.

मनुष्याला हे कळायला बराच काळ लागला आहे, हे वाचून थोडा धीर आला. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांनाही वात-पित्त-कफ मानले आहेत, आणि पाने पिवळी पडणे हे पित्ताचे लक्षण सांगितले आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूजेन ग्री या संशोधकाने पिवळ्या पडलेल्या झाडांच्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावले आणि ती हिरवी होतात हे दाखवले. आपल्याकडे तराईत भाताला ‘खैरा’ नावाचा रोग पडत असे. पाने तांबूस होत, पीक बसे. तो कोणत्या जंतूचा रोग नसून जस्ताची उणीव आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत नेने यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. नेने स्वतः वनस्पतिरोगशास्त्राचे. ज्याचा व्यवसायच जंतू शोधण्याचा, त्याने ‘येथे जंतू नाही’ असे म्हणावे, ही गोष्ट आम्हाला शोधाइतकीच मोठी वाटते. याच नेन्यांनी पुढे सिकंदराबादेस स्थापन केलेल्या संस्थेने नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह सुरपालाचा वृक्षायुर्वेद १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, हा योगही सांगण्याजोगा आहे.

उपाय अण्णांनीच सांगितला आणि पुस्तकांनी त्याला दुजोरा दिला. उसाला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हेक्टरी २५ किलो देतात. पण नुसते कोणी टाकत नाही. शेणखतात मिसळून, ओल देऊन, चार-पाच दिवस मुरवून मग देतात. नुसते हिराकस चुनखडीच्या मातीत पडले की बघता बघता त्याचा गंज होतो. शेणखतातली सेंद्रिय द्रव्ये त्याला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत नेऊन पोहोचवतात. आम्ही कुंडीची वरची माती खरवडून काढली आणि मुरवलेल्या शेणखताचा थर दिला. खते सगळी बंद. पाणी रोज नव्हे, माती बोटाला कोरडी लागेल तेव्हा. आणि बोअरचे नव्हे, आईंना पिण्यासाठी जो जार येतो त्यातले. जून-जुलैत पन्हाळीचे पाणी धरून ठेवले. त्या वर्षीचा ऑगस्ट सबंध देशात शंभरावर वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला, त्यामुळे पुन्हा जारवर आलो. तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारले, आणि आठवडाभर पाने तोडायची नाहीत असे ठरवले.

पाचव्या दिवशी कुंडी उजेडात नेली तेव्हा पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उमटले होते. सबंध पान हिरवे झाले नव्हते. जेथे जेथे थेंब बसला होता तेथे तेथे हिरवे. आईंना दाखवले. त्यांनी पान बोटात धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “गोंदल्यासारखं दिसतंय.”

येथपर्यंतची हकीकत झाडाची झाली. परंतु अण्णा आले त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती आम्ही मुद्दाम मागे ठेवली. कारण ती लिहिणे सोपे नाही. दिवा मालवून, कुंडी ओसरीवर ठेवून अण्णा परत माजघरात आले. दार सताड उघडे होते. बाहेरचे ऊन आत अर्ध्यापर्यंत आले होते. आईंकडे बघून ते म्हणाले, “मावशी, तुमी बी लई पांढऱ्या पडल्या की हो.”

आम्ही पाहिले. ओठ, नखे, डोळ्यांच्या पापणीची आतली कड, सगळे कागदासारखे. रोज सकाळ-संध्याकाळ ज्या चेहऱ्याजवळ बसत होतो तो चेहरा इतका निस्तेज कधी झाला, हे आम्हाला माहीत नव्हते. तांबड्या-निळ्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे टवटवीत दिसतात. तांबड्या प्रकाशात फिकी त्वचाही गुलाबी दिसते. येणारे पाहुणेसुद्धा सांगून जात, “आजींची तब्येत छान दिसतेय हो!” आम्हाला बरे वाटे.

दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टरांनी विचारले, “लोहाची गोळी चालू होती ना?” चालू होती; शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून आलेल्या यादीप्रमाणे एकही दिवस न चुकता. “कशाबरोबर देता?” सकाळच्या चहाबरोबर, कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी, म्हणजे विसरायला नको. डॉक्टर जरा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी शांतपणे समजावले. चहातली द्रव्ये लोहाला पोटातच बांधून टाकतात, कॅल्शियमही त्याच्या वाटेत आडवे येते. लोहाची गोळी चहापासून दोन तास लांब, लिंबाच्या किंवा आवळ्याच्या रसाबरोबर. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. रक्त कुठून जात तर नाही ना, यासाठी आणखी दोन तपासण्या त्यांनी करून घेतल्या. त्या निर्दोष निघाल्या.

घरी येताना आम्ही दोघेही गप्प होतो. चुनखडी आणि कॅल्शियम, हिराकस आणि लिंबूसत्त्व, गोळी आणि आवळा: आठ दिवसांत तेच रसायनशास्त्र आम्ही दोनदा शिकलो होतो. आवळ्यातले जीवनसत्त्व पोटातल्या लोहाला जे करते तेच तुळशीचे मूळ मातीतल्या लोहाला करते. त्याला घेण्याजोग्या रूपात आणते. साम्य येथेच थांबत नाही. हरितद्रव्याचा रेणू आणि रक्तातल्या तांबड्या द्रव्याचा गाभा यांची घडण एकसारखी कड्याची. पानात त्या कड्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम, रक्तात लोह. आणि हरितद्रव्यात स्वतः लोह नसले तरी ते घडवायला पानाला लोह लागतेच. हे आमच्यापैकी एकाने तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवले आहे. मुलांना आकृती पाठ होती.

आणि मुलांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकावे. वर्गात एखादे मूल मागे पडले की आम्ही काय करत होतो? जास्तीचा गृहपाठ, जास्तीचा तास. पोचत का नाही, हा प्रश्न विचारण्याआधी माप वाढवत होतो. काही मुले त्यातून सावरली. ती आमच्यामुळे सावरली की आमच्या असूनही, हे आता कोण सांगणार?

महिन्याभराने, आईंना थोडी तरतरी आल्यावर, आम्ही विचारले की तो जांभळा दिवा पुन्हा लावायचा का. त्या म्हणाल्या, “नको रे बाबांनो. डोळे चुरचुरतात माझे. रात्री दहापर्यंत झोप येत नव्हती.” चार महिने! मग सांगितलं का नाही? “तुम्ही एवढ्या हौसेने आणलात. येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत होतात. मला वाटलं, तुम्हाला आवडतोय.” आम्हाला वाटत होते, त्यांना तुळस हवी आहे म्हणून त्यांना तो आवडतोय. दोन्ही बाजूंनी माया भरपूर होती. मधल्या मध्ये ती कुठेतरी अडून राहिली होती.

मग जे दिवाळीत करायला हवे होते ते आम्ही मे महिन्यात केले. गवंड्याला बोलावून दोन पायऱ्यांवर फळीसारखा उतार बांधून घेतला, एक चाकाची खुर्ची आणली आणि आईंची दिवसाची खाट ओसरीवर हलवली. खर्च दिव्याच्या किमतीहून फार जास्त नव्हता. तेथून वृंदावन समोर दिसते. माजघरातली कुंडी ओसरीच्या कठड्यावर आली. रात्री माजघरात साधा पांढरा दिवा. जुलैत आईंचे हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले. तुळशीला नवी फूट आली ती हिरवीच आली. जुनी पिवळी पाने मात्र शेवटपर्यंत ठिपक्यांचीच राहिली आणि तशीच गळून गेली.

आई २०२४ च्या कार्तिकात गेल्या. रक्ताने नव्हे, वयाने. डॉक्टरांनी तसे सांगितले आणि आमचाही त्यावर विश्वास आहे. शेवटचे दीड वर्ष त्या उजेडात होत्या, एवढे आम्ही स्वतःला सांगू शकतो. त्याआधीच्या चार महिन्यांविषयी स्वतःला काय सांगावे ते अजून ठरलेले नाही. पैस खांबाच्या दर्शनाला एकादशीला जातो तेव्हा त्या अक्षरांपुढे थोडे अधिक थांबतो. अखंड दिव्याला तेलाची व्यवस्था करणारा तो माणूस दानशूर असणारच. दिवा लावून देणे आम्हालाही जमले होते. त्या उजेडात रोज वाकून नीट पाहणे, हे काम मात्र कोणत्याही दानपत्रात लिहून देता येत नाही.

दिवा माळ्यावर पडून होता. गेल्या महिन्यात अण्णांचा पुतण्या मागायला आला. त्याला पत्र्याच्या खोलीत ढोबळ्या मिरचीची रोपे करून पाहायची आहेत. आम्ही पुसून, तार तपासून दिला. तो निघाला तेव्हा दोघांनी जवळजवळ एकदमच त्याला सांगितले: पाणी कोणते घालणार ते आधी तपास, दिवा रोज सकाळी एकदा मालव आणि ट्रे उचलून दारात आण, आणि पान पिवळे दिसले तर खताच्या पुडीला हात लावण्याआधी ते नवे आहे की जुने, एवढे बघ.

“एवढंच ना, सर?” तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.